बोटाची सूज आणि हळदीची चिमूट

माघ उलटला कीं कृष्णाकांठच्या शिवारांतून हळदीची काढणी सुरू होते. जमिनींतून कंद उकरावयाचे, जेठे गड्डे, बगल गड्डे व हळकुंडें निराळीं करावयाचीं, काहिलींत शिजवावयाचीं, उन्हांत वाळवावयाचीं, घासून चकचकीत करावयाचीं आणि मग सांगलीच्या पेठेंत सौद्यास धाडावयाचीं, असा हा क्रम होय. सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळालें तें २०१८ सालीं. तिची कीर्ति मात्र पुष्कळ जुनी. कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर येथें जमिनींत खोल खणलेल्या पेवांतून ती वर्षानुवर्षें कीड न लागतां राहत असे. २००५ सालच्या महापुरानें त्यांतील पुष्कळ पेवें निकामी करून टाकलीं.

ह्या साऱ्या कामांत बोटें कापतात, पोटऱ्या भाजतात, पायांत कांटे मोडतात. आणि त्यांवर औषध म्हणून पुन्हां हळदच हातीं येते. शेतांत जें होतें तेंच स्वयंपाकघरांत. विळीवर बोट कापलें कीं आजीबाईंचा हात प्रथम मिसळणाच्या डब्याकडे जातो. दुसऱ्या दिवशीं बोट लाल होतें, सुजतें, ठणकूं लागतें, आणि घरांत दोन पक्ष पडतात. कॉलेजांत शिकणारे चिरंजीव म्हणतात, "सूज उतरविण्याची गोळी द्या." आजीबाई म्हणतात, "हळद थोडी पडली, आणखी दाबून भरा." दोघांचें एका गोष्टीवर एकमत असतें, तें हें कीं सूज हा शत्रु आहे व त्याला हांकलून दिलें पाहिजे. ह्या एकमताचीच आज तपासणी करावी असें आम्हांस वाटतें. कारण त्यापायीं कित्येक घरांत नको तें केलें जातें आणि करावयाचें तें राहून जातें.

लाली, सूज, ऊब आणि ठणका हीं चार लक्षणें सेल्सस नांवाच्या रोमन ग्रंथकारानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एकत्र मांडलीं. सुजलेला अवयव नीट काम देत नाहीं, हें पांचवें लक्षण त्यांत मागाहून घालण्यांत आलें. परंतु हीं लक्षणें म्हणजे इजा नव्हे. इजेला शरीरानें दिलेलें तें उत्तर आहे. लंडनचे शस्त्रवैद्य जॉन हंटर यांचा ह्या विषयावरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १७९४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत दाह हा स्वतः रोग नसून हितकारक व्यापार आहे असें त्यांनीं स्पष्ट प्रतिपादन केलें आहे. तेव्हांपासून आजपर्यंतच्या संशोधनानें त्यांचें म्हणणें खोटें न ठरतां त्याला फक्त कांहीं अपवाद जोडले आहेत. त्या अपवादांकडे आम्ही पुढें येऊंच.

हें उत्तर किती त्वरेनें येतें तें पाहावयाचें असल्यास रक्त काढण्याची जरूर नाहीं. मनगट व कोपर ह्यांच्या दरम्यान, हाताच्या आंतल्या अंगास, मोजपट्टीच्या बोथट कडेनें किंचित् जोर देऊन एक रेघ ओढावी. थोड्याच सेकंदांत रेघेच्या जागीं तांबडा पट्टा उमटतो. अर्ध्याएक मिनिटांत त्याच्या दोहों बाजूंस फिकट लाली पसरते. ज्यांची कातडी विशेष नाजूक असते त्यांच्या हातावर तर दोनचार मिनिटांत दोरीसारखा वळही उठतो. लंडनचे सर टॉमस लुइस यांनीं ह्या तीन पायऱ्यांचा फार बारकाईनें अभ्यास केला व १९२७ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. पहिली तांबडी रेघ उठते ती बारीक रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळें. वळ उठतो तो त्यांतून पाणी बाहेर झिरपल्यामुळें. आणि भोंवतालची लाली पसरते ती मज्जातंतूंच्या द्वारें. त्या जागचा मज्जातंतु निकामी झालेला असेल तर ही भोंवतालची लाली उमटत नाहीं; कुष्ठरोगाच्या चट्ट्याची परीक्षा करतांना डॉक्टर मंडळी ह्याच खुणेचा उपयोग करीत असत. मुलांना हा प्रयोग अवश्य करून दाखवावा. मज्जातंतूची ही कामगिरी मात्र मोठ्यांनीं ध्यानांत ठेवावी; लेखाच्या शेवटीं तिची गरज पडणार आहे.

आतां खऱ्या इजेकडे वळूं. खटाव-माणच्या माळावर एखाद्या मुलाच्या तळपायांत बाभळीचा कांटा मोडला आहे असें समजा. कांटा शिरला त्या क्षणीं कांहीं पेशी फुटल्या, आणि एरव्हीं पेशींच्या आंतच राहणारीं द्रव्यें बाहेर सांडलीं. शरीराच्या लेखीं हीच पहिली आरोळी. जंतु आले आहेत कीं नाहींत ही चौकशी मागाहून. प्रथम आरोळी ऐकूं आली एवढें पुरे. म्हणूनच घोटा मुरगळला असतां, कातडी कोठेंही फाटलेली नसून व एकही जंतु आंत शिरलेला नसून, तो पायलीएवढा सुजतो.

रक्तवाहिन्यांच्या आसपास मास्ट पेशी नांवाच्या पहारेकरी पेशी बसलेल्या असतात. त्यांच्या पोटांत हिस्टामिन ह्या द्रव्याचे कण भरलेले असतात. आरोळी होतांच ते मोकळे होतात. त्यायोगें बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात व त्या जागीं अधिक रक्त येतें. लाली आणि ऊब येते ती ह्यामुळें. शिवाय वाहिनीच्या भिंतींतील पेशी किंचित् आकसून त्यांच्यामध्यें फटी पडतात व रक्तांतील पाणी त्यांतून बाहेर येतें. सूज म्हणतात ती हीच. तें नुसतें पाणी असतें तर त्याला आपण अडचण म्हटलें असतें. पण त्या पाण्याबरोबर रक्त गोठविणारीं प्रथिनें येतात व तीं जाळें विणून इजेची जागा भोंवतालापासून वेगळी करतात. जंतूंना चिकटून त्यांना ओळखूं येण्याजोगें करणारीं प्रथिनेंही येतात. ठणक्याचें कारण निराळें. दुखावलेल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें तयार करतात आणि तीं मज्जातंतूंना इतकें हळवें करून सोडतात कीं नुसता चादरीचा स्पर्शही सोसत नाहीं. मूल पाय टेकीत नाहीं. आपण त्याला "एवढें काय झालें, चाल!" म्हणून दटावतों, पण पाय न टेकणें हाच त्या वेळीं त्या पायाचा औषधोपचार असतो.

ह्यापुढील भाग आम्हांस सर्वांत विलक्षण वाटतो. पाणी बाहेर गेल्यामुळें त्या वाहिनींतील रक्त दाट होतें व त्याचा ओघ मंदावतो. एरव्हीं ओघाबरोबर वाहून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी आतां कांठाकडे ढकलल्या जातात. कृष्णेच्या पुरांत पडलेला पट्टीचा पोहणारा जसा धारेशीं झुंजत न बसतां तिरका तिरका घाटाकडे सरकतो, हातीं येईल त्या झुडपाची फांदी धरतो, ती सुटली कीं दुसरी धरतो, तसा कांहींसा प्रकार येथें चालतो. इजेजवळच्या भिंतीनें आपल्या अंगावर चिकट आंकडे उभे केलेले असतात; पांढऱ्या पेशी त्यांना धरीत-सोडीत भिंतीवरून गडगडत जातात, अखेर घट्ट चिकटतात, चपट्या होतात, आणि दोन पेशींमधील फटींतून बाहेर निसटून कांट्याच्या दिशेनें चालूं लागतात. ह्या सगळ्याला कांहीं मिनिटें पुरतात. प्रथम येतात त्या न्यूट्रोफिल जातीच्या पेशी. निरोगी माणसाच्या रक्तांतील पांढऱ्या पेशींत निम्म्याहून अधिक संख्या ह्यांचीच असते. त्या जंतूंना गिळतात, विषारी द्रव्यें सोडून मारतात, आणि ह्या उद्योगांत स्वतःही मरतात. पू म्हणून ज्याची आपण किळस करतों तो बहुतांशीं ह्या मेलेल्या पेशींचा ढीग होय.

एकदोन दिवसांनीं मॅक्रोफेज नांवाच्या मोठ्या भक्षक पेशींचा जमाव होतो. लढाईचें मैदान साफ करण्याचें काम ह्यांचें. मेलेल्या पेशी, मोडलेले तंतु, उरलेसुरले जंतु, सर्व त्या गिळून टाकतात. आणि हें करतां करतां त्यांची वृत्ति पालटते. आरंभीं जी पेशी "या, धांवा" असा निरोप पाठवीत होती तीच आतां "पुरे, परत जा" असें सांगूं लागते. सूज आपोआप ओसरते अशी पूर्वीं समजूत होती. गेल्या कांहीं दशकांत असें आढळून आलें आहे कीं ती ओसरविण्यासाठीं शरीर मुद्दाम निराळीं द्रव्यें तयार करतें. दिव्यांतलें तेल संपून दिवा विझणें वेगळें आणि निजण्याच्या वेळीं कोणीतरी उठून तो मालविणें वेगळें. येथें दुसरा प्रकार असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून नवीन धागे विणणाऱ्या पेशी कामास लागतात व लहानलहान नव्या रक्तवाहिन्या फुटतात. भरत आलेल्या जखमेचा तळ लालसर व दाणेदार दिसतो तो ह्यामुळेंच. पुढें व्रण बनतो. मात्र कित्येक महिन्यांनंतरही त्याचें बळ मूळच्या कातडीच्या सुमारें शेंकडा ८० च्या पलीकडे सहसा जात नाहीं.

ह्या भक्षक पेशींचें कार्य प्रथम उमगलें तेंही एका कांट्यामुळेंच. सिसिली बेटांतील मेसिना शहरीं १८८२ सालीं मेच्निकॉफ नांवाचे रशियन प्राणिशास्त्रज्ञ राहत होते. एके दिवशीं घरचीं माणसें सर्कशींतील शिकविलेलीं माकडें पाहण्यास गेलीं असतां हे एकटेच सूक्ष्मदर्शक यंत्राशीं बसले होते. तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगांत इकडेतिकडे हिंडणाऱ्या पेशी पाहतां पाहतां त्यांच्या मनांत आलें कीं ह्या पेशी शरीराचें रक्षण तर करीत नसतील? त्यांनीं अंगणांतील संत्र्याच्या जातीच्या झाडाचे कांटे तोडून पिल्लाच्या अंगांत खुपसले. रात्र तळमळत काढली. सकाळीं पाहतात तों कांट्याभोंवतीं पेशींचा गराडा पडलेला! ह्या शोधाच्या मार्गानें जातां जातां १९०८ चें नोबेल पारितोषिक त्यांच्या वांट्यास आलें.

ही गोष्ट दूर देशची खरी, पण तिचा धागा थेट महाराष्ट्रांत येऊन पोंचतो. ओडेसा येथें मेच्निकॉफ यांच्या हाताखालीं शिकलेला एक विद्यार्थी १८९६ सालीं मुंबईस आला. त्याचें नांव वाल्डेमार हाफकिन. प्लेगची लस त्यानें मुंबईंतच तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. परळची संस्था आज त्याचेंच नांव चालविते. प्लेगनें पुढें सातारा जिल्ह्यांत आणि सांगली-मिरजेकडे काय हाहाकार केला, गांव सोडून माणसें माळावर झोपड्यांत कशीं राहिलीं, ह्याच्या कथा जुन्या घराण्यांतून अद्यापि सांगतात. काखेंत किंवा जांघेंत गांठ आली कीं माणसाची आशा सोडावी, अशी त्या वेळीं स्थिति होती. वास्तविक पायास जखम झाली असतां जांघेंत अवधाण येतें तें शरीराच्या चौकीवर बंदोबस्त चालू असल्याचें चिन्ह असतें. प्लेगचा जंतु मात्र इतका कपटी कीं तो भक्षक पेशीला चिकटून तिच्या अंगांत आपलीं विषें टोंचतो आणि तिला गिळण्यासच असमर्थ करतो. चौकीवर फौज गोळा होते, पण तिचे हात बांधलेले. शरीराचें हें उत्तर दुबळें पडलें म्हणजे काय होतें ह्याचें एवढें भयंकर उदाहरण दुसरें क्वचितच सांपडेल.

आपल्याकडील प्राचीन वैद्यांस सूक्ष्मदर्शक यंत्र नव्हतें. तरी डोळे व बोटें ह्यांच्या साहाय्यानें त्यांनीं जें पाहिलें तें थक्क करणारें आहे. सुश्रुतानें व्रणशोथाच्या आम, पच्यमान व पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत. पहिलींत सूज कठीण, ऊब व वेदना बेताची. दुसरींत सुया टोंचल्यासारखी वेदना, दाह, ज्वर, झोंप नाहीं. तिसरींत ठणका कमी होतो, कातडी सुरकुतते, आणि बोटानें दाबलें असतां आंत पू हाललेला समजतो. कच्च्या गळवास शस्त्र लावणारा आणि पिकलेल्याकडे दुर्लक्ष करणारा, ह्या दोघांसही त्यानें एकाच पंक्तीस बसवून निंद्य ठरविलें आहे. आपण आज बोलतांना गळूं 'पिकलें' म्हणतों तें ह्याच परंपरेंतलें. आम्हांस येथें एवढेंच सांगावयाचें कीं, गळूं पिकूं द्यावें लागतें हें ज्या संस्कृतीला ठाऊक होतें तिच्याच घराघरांतून आज कच्ची पुळी दोन नखांत धरून पिळली जाते. नाक व वरचा ओंठ ह्यांच्या आसपासची पुळी तर कदापि पिळूं नये; तेथील रक्तवाहिन्यांचा संबंध मेंदूकडील वाहिन्यांशीं आहे, व त्या वाटेनें विकार आंत गेल्यास प्राणावर बेततें. पिकलेलें गळूं फोडण्याचें काम डॉक्टरांचें. १८९४ सालीं वॉनलेस यांनीं मिरजेस रुग्णालय काढल्यापासून आपल्या ह्या भागांत त्याची सोय नाहीं अशी सबब कोणास सांगतां येणार नाहीं.

आतां हळदीकडे वळूं. २८ मार्च १९९५ रोजीं अमेरिकेंतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास, जखम भरून येण्यासाठीं हळदीचा उपयोग करण्याचें पेटंट मिळालें. आपल्या देशांत त्यावर केवढी खळबळ उडाली तें पुष्कळांस आठवत असेल. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे त्या वेळचे प्रमुख डॉ. रघुनाथ माशेलकर, त्यांच्या पुढाकारानें परिषदेनें त्याला हरकत घेतली. जुने संस्कृत, उर्दू व हिंदी ग्रंथ आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या मासिकांतील १९५३ चा एक लेख धरून बत्तीस आधार पुढें मांडले. ऑगस्ट १९९७ मध्यें पेटंट कचेरीनें तें पेटंट फेटाळलें. विजय मोठा होता यांत शंका नाहीं. परंतु त्या निकालाचा अर्थ पुष्कळांनीं भलताच केला. कचेरीनें ठरविलें तें इतकेंच कीं हा उपयोग नवीन नाहीं. आमच्या आजीबाईंस तो पूर्वींपासून ठाऊक होता. हळदीनें जखम किती व कशी भरते ह्याचा निवाडा तेथें झालाच नव्हता, आणि तो करणें कचेरीचें कामही नव्हतें.

तो निवाडा प्रयोगशाळेंत चालूं आहे. हळदीचा पिवळा रंग ज्या द्रव्यामुळें येतो त्या कर्क्युमिनच्या अंगीं दाह शमविण्याचा गुण आहे, हें कांचेच्या भांड्यांतील पेशींवर पुष्कळदां दिसून आलें आहे. आरोळीचे निरोप तयार करणारी पेशींतील कळच तें अडवून धरतें. कांहीं जंतूंची वाढही त्यानें खुंटते. अडचण अशी कीं पोटांत घेतलेलें कर्क्युमिन रक्तांत फारच थोडें उतरतें. १९९८ सालीं बंगळूरच्या संशोधकांनीं दाखविलें कीं मिऱ्यांतील पायपेरिन बरोबर दिलें असतां तें कित्येक पटींनीं अधिक उतरतें. ह्यावर लगोलग जाहिरातदारांच्या उड्या पडल्या, आणि मिरींयुक्त कर्क्युमिनच्या गोळ्या बाजारांत आल्या. पण अशा गोळ्यांच्या मोठ्या मात्रांनीं यकृतास इजा झाल्याचीं उदाहरणेंही आतां निरनिराळ्या देशांतील डॉक्टरांनीं नोंदविलीं आहेत. वरणांतली हळद आणि रात्रींचें हळद-दूध ह्यांची गोष्ट निराळी. तीं खुशाल घ्यावीं. आजार बरा करण्याचें ओझें मात्र त्यांच्या शिरावर लादूं नये.

जखमेंत हळद भरण्याविषयीं आमचें मत आजीबाईंस रुचेल असें नाहीं, तरी सांगणें प्राप्त आहे. हळद जमिनींतून निघते. शिजवितांना बहुतेक जंतु मरतात खरे. पण कांहीं जंतूंचीं बीजें उकळत्या पाण्यासही दाद देत नाहींत, आणि शिजल्यावर हळद उघड्यावर वाळते, गिरणींत दळली जाते, डब्यांत चमचा जातो-येतो. मातींत धनुर्वाताचीं बीजें असतात. खोल व बंद जखम हें त्यांचें आवडतें ठिकाण. तेव्हां वरवरचा ओरखडा असेल तर हळदीचा एवढा बाऊ करण्याचें कारण नाहीं. पण खोल जखम प्रथम वाहत्या स्वच्छ पाण्याखालीं चांगली धुवावी, स्वच्छ फडक्यानें दाबून रक्त थांबवावें, आणि धनुर्वाताची लस केव्हां टोंचली होती ह्याची आठवण करावी. हळद दाबून भरली म्हणजे डॉक्टरांना आंतलें कांहीं दिसत नाहीं, आणि ती काढतांना रोग्याला पुन्हां यातना होतात त्या निराळ्याच. मुक्या मारावर आंबेहळद व रक्तबोळ उगाळून लेप देण्याची चाल आहे. कातडी अखंड असेल तर तिला आमची हरकत नाहीं. मुरगळलेला घोटा पहिल्या दिवशीं तेल लावून जोरानें चोळणें मात्र सर्वस्वीं वाईट. फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या त्यायोगें आणखी फुटतात. थंड पट्टी, विश्रांति व पाय उंचावर, एवढें पुरतें. काहिलींतलें पाणी किंवा आमटी अंगावर सांडल्यास भाजलेला भाग वीस मिनिटें साध्या थंड वाहत्या पाण्याखालीं धरावा. एके काळीं घरोघर त्यावर शाई ओतीत. आतां दांतांची पेस्ट फांसतात. शाई निदान स्वस्त होती.

मग गोळी कधींच घेऊं नये काय? असें आम्ही म्हणत नाहीं. ॲस्पिरिनसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होऊं देत नाहींत हें जॉन वेन यांनीं १९७१ सालीं दाखवून दिलें. ठणका असह्य झाल्यास दोन दिवस गोळी घेण्यांत पाप नाहीं. मात्र तींच द्रव्यें जठराच्या अस्तराचें व मूत्रपिंडाचें रक्षणही करीत असतात, आणि म्हणून वृद्ध माणसांनीं ह्या गोळ्या महिनोन् महिने स्वतःच्या बुद्धीनें घेणें धोक्याचें आहे. त्याहून धोक्याच्या त्या गुडघेदुखीच्या बेनांवी पुड्या. दोन दिवसांत आजोबा जिना चढूं लागतात, आणि सारें घर पुडीवाल्याचे गोडवे गातें. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलें आढळल्याचीं उदाहरणें आहेत. संधिवातावर स्टिरॉइडचा प्रभाव १९४८ सालीं अमेरिकेंत प्रथम दिसला तेव्हां अंथरुणास खिळलेले रोगी चालूं लागले, आणि १९५० चें नोबेल पारितोषिक त्या कामास मिळालें. योग्य हातीं तें अमृत आहे. पण तें शरीराच्या साऱ्या आरोळ्याच बंद करतें. आंत जंतु शिरला तरी सूज नाहीं, ताप नाहीं, कांहीं नाहीं. पुडी एकदम बंद केल्यानेंही जिवावर बेतूं शकतें. तेव्हां अशी पुडी घरांत येत असल्यास ती घेऊन सरळ डॉक्टरांकडे जावें.

आरंभीं ज्या अपवादांचा उल्लेख केला ते हे. कधीं शरीर शत्रु नसतांनाच आरोळी ठोकतें व ती थांबवीत नाहीं. संधिवातांत सांध्यांचें तेंच होतें. हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही असाच मंद दाह वर्षानुवर्षें धुमसत असतो. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगांत, पूर्वीं हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १०,००० हून अधिक लोकांवर, दाहाचा एकच निरोप अडविणारें औषध वापरून पाहण्यांत आलें. कोलेस्टेरॉल मुळींच न उतरतां पुन्हां झटके येण्याचें प्रमाण कमी झालें. पण त्याच औषधानें जंतुविकारानें दगावणाऱ्यांची संख्या थोडी वाढली. मालविलेला दिवा अंधारही करतो, असा हा व्यवहार आहे.

दुसरा अपवाद ह्याच्या उलट, आणि घरांत सहज नजरेआड राहणारा. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाचे मज्जातंतु हळूहळू मरतात, बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात, पांढऱ्या पेशी सुस्त होतात. मोजपट्टीच्या प्रयोगांतील ती भोंवतालची लाली आठवावी. ह्या पायांवर तीही फिकी पडते. कांटा शिरतो, दुखत नाहीं. फोड येतो, ठणकत नाहीं. आजोबा देवळास जाऊन येतात, चप्पल काढतात, आणि मोजावर डाग दिसेपर्यंत कोणालाच पत्ता नसतो. तरुणाचा पाय सुजला तर तो कुरकुरतो व घर धांवतें. ह्या पायाची तक्रारच ऐकूं येत नाहीं, आणि कित्येकदां बोट किंवा पाऊल गमावण्याची पाळी येते.

जखमेपासून वर चढणारी लाल रेघ, थंडी वाजून ताप, चोवीस तासांत वाढतच जाणारी सूज, ह्यांपैकीं कांहींही दिसल्यास कोणाच्याही बाबतींत वाट पाहूं नये. मधुमेही माणसाच्या पायास मात्र एवढीं चिन्हें दिसण्याचीही वाट पाहूं नये. साधा फोड असला तरी त्याच दिवशीं दाखवावा. अनवाणी हिंडूं देऊं नये, मग तें घरच्या अंगणांत कां असेना. सोंवळ्यांत लांकडी खडावा चालत असत, तर मऊ पादत्राणें कां चालूं नयेत, ह्याचा विचार घरांतील वडील मंडळींनींच करावा. आपल्याकडे सुना-मुलें वडिलांच्या पायांस रोज नमस्कार करतात, पण नमस्कारांत दिसतें तें पावलाचें वरचें अंग; तळवा कोणी पाहत नाहीं. रात्रीं पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांतूनही कोरडे पुसून झाल्यावर, दिव्याजवळ बसून घरांतील कोणीतरी ते तळवे पाहावे, आणि घरांत दुसरें कोणी नसल्यास जमिनीवर लहान आरसा ठेवून त्यांचे त्यांनीं पाहावे.